कर्करोगातून बरे झालेल्या मुलांचे महाविद्यालयीन शिक्षण आणि आपल्या शिष्यवृत्त्या

व्यापारी बंधूंच्या वार्षिक स्मरणिकेत बाजारभाव, करांचे नियम आणि सरलेल्या वर्षातील उलाढाल ह्यांविषयी लेख येतात, आणि ते यावयासच हवेत. परंतु ह्या खेपेस आम्ही एका निराळ्या विषयाकडे सभासदांचे व त्यांच्या घरच्या मंडळींचे लक्ष वेधू इच्छितो. शाळा-महाविद्यालयांतील हुशार व गरजू विद्यार्थ्यांस शिष्यवृत्त्या देण्याची चाल व्यापारी समाजात फार जुनी आहे. दरवर्षी जूनमध्ये अर्ज येतात, गुणपत्रिका पाहिल्या जातात, उत्पन्नाचे दाखले तपासले जातात व समारंभपूर्वक पाकिटे दिली जातात. लहानपणी कर्करोग झालेला, उपचारांनी बरा झालेला आणि आता महाविद्यालयात जाऊ पाहणारा मुलगा किंवा मुलगी ह्या रांगेत उभी राहिली, तर सर्वसाधारण शिष्यवृत्तीचे नियम तिच्या उपयोगी पडतील काय? पुष्कळ वेळा ते पडत नाहीत. ते का पडत नाहीत व त्यांत कोणती दुरुस्ती करावी, हे सांगण्याचा ह्या लेखाचा हेतू आहे. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले धान्याचे घाऊक व्यापारी आहोत, वैद्य नव्हे. म्हणून वैद्यकातील ज्या गोष्टी सर्वमान्य आहेत तेवढ्याच येथे घेतल्या आहेत.

ही मुले पूर्वी का दिसत नसत

लहान मुलास रक्ताचा कर्करोग झाला म्हणजे आशा सोडावयाची, अशी आमच्या वडिलांच्या पिढीची समजूत होती आणि त्या काळी ती चुकीचीही नव्हती. हे चित्र पालटण्यास प्रारंभ झाला तो १९४८ साली. अमेरिकेतील बॉस्टन शहरी डॉ. सिडनी फार्बर ह्यांनी 'अमिनॉप्टेरिन' नावाचे औषध रक्ताचा कर्करोग झालेल्या १६ मुलांस दिले आणि त्यांपैकी १० मुलांमध्ये सुधारणा दिसून आली. ज्या कंपनीच्या प्रयोगशाळेत हे औषध तयार झाले तेथील संशोधनाचे प्रमुख यल्लाप्रगडा सुब्बाराव हे आंध्रातील भीमावरम येथे १८९५ साली जन्मलेले आपल्याच देशाचे सुपुत्र होते, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक आहे. त्या पहिल्या औषधाने आलेली सुधारणा टिकाऊ नव्हती. काही महिन्यांत रोग परत येई. पुढे अनेक औषधे एकत्र व ठरावीक क्रमाने देण्याची पद्धत निघाली. मेंफिस येथील सेंट ज्यूड रुग्णालय १९६२ साली सुरू झाले. तेथे डॉ. डोनाल्ड पिंकेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या दशकाच्या अखेरीपर्यंत अशा मुलांपैकी सुमारे निम्मी मुले बरी होऊ शकतात असे दाखवून दिले. आज सधन देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी शेकडा ८० हून अधिक मुले बरी होतात.

जगात दरवर्षी १९ वर्षांपर्यंतच्या सुमारे ४ लक्ष मुलामुलींस कर्करोग होतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. गरीब व मध्यम उत्पन्नाच्या पुष्कळ देशांत त्यांतील शेकडा ३० देखील बरी होत नाहीत. निदान उशिरा होणे, औषधे न परवडणे आणि उपचार मध्येच सोडून देणे ही त्याची मुख्य कारणे होत. म्हणूनच २०१८ साली त्या संघटनेने एक कार्यक्रम हाती घेतला. २०३० पर्यंत जगातील निदान शेकडा ६० मुले तरी वाचावीत, असे त्याचे उद्दिष्ट आहे.

आपल्याकडे ह्या कामाचा पाया मुंबईत परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडलेल्या टाटा स्मारक रुग्णालयाने घातला. सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीने उभारलेले हे रुग्णालय १९५७ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे व १९६२ साली अणुशक्ती खात्याकडे गेले. सीमाभागातील आपली माणसे आज मुंबईस जातात, तशीच मिरज, हुबळी व बंगळूर येथेही जातात. उपचार संपलेल्या मुलांची पुढे वर्षानुवर्षे तपासणी व्हावी म्हणून टाटा रुग्णालयात १९९१ साली एक स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू झाला. बऱ्या झालेल्या मुलांसाठी निराळा विभाग काढावा लागतो, ह्याचाच अर्थ असा की, अशी मुले आता नित्य दिसणारी आहेत. ती मोठी होतात, दहावी-बारावी होतात आणि महाविद्यालयात जाण्याची इच्छा धरतात.

आजाराने शिक्षणाचे काय होते

पहिली हानी वेळेची. मुलांत सर्वांत अधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचा उपचार अडीच ते तीन वर्षे चालतो. त्यांतील आरंभीचे महिने कठीण असतात. रक्तातील पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असल्याने साध्या संसर्गाचीही भीती असते आणि मुलास गर्दीत पाठविता येत नाही. पुढे गोळ्यांवर असताना मूल शाळेत जाऊ शकते. पण गाव सोडून मुंबईस खोली घेऊन राहिलेल्या कुटुंबाचे मूल कोणत्या शाळेत जाणार? एक वा दोन इयत्ता मागे पडणे हे त्याच्या बाबतीत सहज घडते.

दुसरी हानी पैशाची. आता औषधोपचारासाठी सरकारी योजना आहेत. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबास वर्षाला ५ लक्ष रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळते. परंतु रुग्णालयाच्या दाराबाहेरचा खर्च कुटुंबासच करावा लागतो. प्रवास, खोलीचे भाडे, बाहेरचे जेवण आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे बुडालेली मजुरी. दादर येथील गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा अशा रुग्णांस व त्यांच्या नातलगांस आसरा देते, तिचे उपकार मोठे आहेत. तरीही बाप गावी व आई मुलासह मुंबईस अशा दोन चुली दोन-तीन वर्षे चालवावयाच्या म्हणजे शेत गहाण पडते, दागिने मोडतात आणि थोरल्या भावंडाचे शिक्षण थांबते. मूल बरे होऊन घरी येते तेव्हा घर कर्जात असते. त्यानंतर पाच-सात वर्षांनी तेच मूल महाविद्यालयाच्या शुल्कासाठी हात पुढे करते, त्या वेळी बापाची देण्याची इच्छा असूनही हात रिकामा असतो.

तिसरी हानी शरीराची, आणि ही पुष्कळदा वरून दिसत नाही. हाडाच्या कर्करोगात एखादा पाय कापावा लागतो किंवा आत धातूचा सांधा बसवावा लागतो. डोळ्याच्या पडद्याच्या कर्करोगात एक डोळा काढावा लागतो. ह्या गोष्टी कोणासही दिसतात. परंतु काही औषधांनी ऐकू येणे कमी होते. काहींनी हातापायांतील शिरा दुर्बल होऊन भराभर लिहिणे जमत नाही. काहींनी हृदयाच्या स्नायूंवर परिणाम होतो व तो कित्येक वर्षांनी प्रकट होतो. मेंदूवर किरणोपचार झाले असतील तर स्मरण, एकाग्रता व कामाचा वेग ह्यांत फरक पडू शकतो. सर्वच मुलांस हे होते असे मुळीच नाही. पुष्कळ मुले पूर्णपणे निरोगी आयुष्य जगतात. पण ज्यांस होते त्यांचा मुलगा किंवा मुलगी "आळशी" किंवा "मंद" ठरते, कारण तिच्या शरीराने कोणती लढाई दिली हे गुणपत्रिकेवर छापलेले नसते.

चालू योजना कोठे अपुऱ्या पडतात

शिष्यवृत्त्यांच्या बहुतेक योजना गुणांवर आधारलेल्या असतात. केंद्र सरकारची महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी असलेली शिष्यवृत्तीच घ्या. बारावीस आपल्या मंडळाच्या परीक्षेत आपल्या शाखेतील उत्तीर्ण विद्यार्थ्यांपैकी वरच्या शेकडा २० मध्ये असलेल्या व कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लक्ष रुपयांच्या आत असलेल्या विद्यार्थ्यांसाठी ती आहे. पदवीच्या अभ्यासक्रमास तिच्यातून वर्षाला १२,००० रुपये मिळतात. योजना चांगली आहे. पण नववीचे अर्धे वर्ष रुग्णालयाच्या खाटेवर काढलेल्या मुलाने वरच्या शेकडा २० मध्ये येणे ही अपेक्षा जड आहे. हुशारी एक आणि संधी दुसरी. आपण धान्याचा नमुना पाहताना पोत्यात सळी खुपसून वरचे, मधले व तळचे असे तिन्ही ठिकाणचे दाणे काढतो. केवळ वरचे दाणे पाहून भाव करणारा व्यापारी फार दिवस टिकत नाही. विद्यार्थ्याच्या बाबतीत मात्र आपण एकाच परीक्षेच्या टक्क्यांवर सौदा करून मोकळे होतो.

मग ह्या मुलांस अपंगांच्या सवलती मिळत नाहीत काय, असे कोणी विचारील. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वे धरली आहेत. शेकडा ४० किंवा त्याहून अधिक अपंगत्वाचा दाखला असल्यास सरकारी व सरकारी साहाय्य घेणाऱ्या उच्च शिक्षणसंस्थांत निदान शेकडा ५ जागा राखीव आहेत आणि वयाच्या मर्यादेत ५ वर्षांची सूट आहे. पाय गमावलेल्या मुलास ह्याचा लाभ होतो. परंतु त्या २१ प्रकारांत कर्करोग हा स्वतंत्र प्रकार नाही. रक्ताच्या विकारांपैकी थॅलसेमिया, हिमोफिलिया व सिकलसेल ह्यांचा समावेश आहे, रक्ताच्या कर्करोगाचा नाही. एक डोळा गेला व दुसरा चांगला असला, तर दाखल्यावर शेकडा ४० भरत नाहीत. म्हणजे रक्ताच्या कर्करोगातून बरी झालेली मुलगी कायद्याच्या दृष्टीने धडधाकट, गुणांच्या दृष्टीने मागे पडलेली आणि पैशाच्या दृष्टीने बुडालेली असते. एकाही रकान्यात तिचे नाव बसत नाही.

आमच्या पेठेतील एका हमालाच्या मुलाने पदवीच्या पहिल्या वर्षासाठी एका संस्थेकडे अर्ज केला होता. शिक्षणात खंड नसावा, अशी तेथे अट होती. त्याचा खंड होता दोन वर्षांचा आणि त्या दोन वर्षांत तो काय करीत होता, हे लिहावयास अर्जात जागाच नव्हती. त्याने रुग्णालयाचे कागद जोडले. पण अटीत न बसणारा अर्ज म्हणून तो समितीपुढे गेलाच नाही. पेठेतील चार दुकानदारांनी मिळून त्याचे शुल्क भरले व तो वाणिज्य शाखेत शिकू लागला. परंतु ज्याच्या बापाची चार दुकानदारांशी ओळख नाही त्याने काय करावे? हा प्रश्न सोडविण्यासाठीच नियम असावे लागतात.

इतरत्र काय केले जाते

अमेरिकेत ह्या विषयाकडे बऱ्याच वर्षांपासून लक्ष दिले गेले आहे. क्रेग पोलार्ड नावाचे गृहस्थ तरुणपणी दोनदा कर्करोगास सामोरे गेले व त्यांस आपले पाय गुडघ्याखाली गमवावे लागले. शिक्षण पूर्ण केल्यावर त्यांनी १९९३ साली 'कॅन्सर फॉर कॉलेज' ही संस्था काढली. कर्करोगातून वाचलेल्या तरुणांस महाविद्यालयासाठी शिष्यवृत्त्या देणे एवढेच तिचे काम. त्यांचे महाविद्यालयातील मित्र, पुढे प्रसिद्धीस आलेले नट विल फेरेल, ह्यांनी तिच्यासाठी निधी जमविण्यास मोठा हातभार लावला. एकाच्या अनुभवातून कल्पना निघाली आणि मित्राच्या नावलौकिकातून पैसा उभा राहिला. आपल्या पेठांत धर्मशाळा व पाणपोया अशाच रीतीने उभ्या राहिल्या आहेत.

आपल्या देशात इंडियन कॅन्सर सोसायटी १९५१ पासून काम करीत आहे. लहानपणी कर्करोगातून बऱ्या झालेल्या तरुणांचा 'उगम' हा गट २००९ साली मुंबईत तिच्याच आश्रयाने सुरू झाला. स्वतः बरे झालेले तरुण नव्या रुग्णांच्या आईबापांपुढे उभे राहतात व "आम्ही शिकलो, तुमचे मूलही शिकेल" असे सांगतात. ह्या शब्दांत जो धीर आहे तो इतर कोणाच्याही तोंडून मिळावयाचा नाही. दिल्लीत २००४ साली स्थापन झालेली 'कॅनकिड्स' ही संस्था अशा मुलांच्या उपचारांबरोबर त्यांच्या शिक्षणाकडेही पाहते. क्रिकेटपटू युवराज सिंग ह्यांनी २०१२ साली अमेरिकेत कर्करोगावर उपचार घेतले आणि त्यांच्या 'यूवीकॅन' संस्थेनेही रोगमुक्त मुलांस शिष्यवृत्त्या दिल्या आहेत. म्हणजे वाट पडलेली आहे. मात्र मोठ्या शहरांतील ह्या संस्थांपर्यंत तालुक्याच्या गावातील विद्यार्थी पोहोचत नाही. ती उणीव गावोगावचे व्यापारी संघ भरून काढू शकतात.

वसतिगृहे व शिष्यवृत्त्या ह्यांचे महत्त्व आपल्या भागास नव्याने सांगण्याची गरज नाही. दक्षिण महाराष्ट्र जैन सभा १८९९ साली स्थापन झाली आणि कोल्हापूर, सांगली, बेळगाव, हुबळी येथील बोर्डिंगांतून खेड्यांतील मुले शिकून बाहेर पडली. कोल्हापूरच्या बोर्डिंगात राहिलेल्या भाऊराव पाटलांनी पुढे १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. कोणास जागा मिळाली म्हणजे तो पुढे किती जणांस जागा करून देईल, ह्याचा हिशेब आधी मांडता येत नसतो.

शिष्यवृत्ती कशी असावी

आता व्यवहाराकडे वळू. अशी शिष्यवृत्ती ठेवावयाची झाल्यास पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात असे आम्हांस वाटते.

पहिली गोष्ट अशी की, गुणांची अट उत्तीर्ण होण्यापुरतीच असावी आणि शिक्षणातील खंड हा दोष मानू नये. उपचार कोणत्या तारखेस सुरू झाले व कोणत्या तारखेस संपले हे रुग्णालयाच्या कागदावरून कळते. तेवढ्या काळाचा खंड आपोआप क्षम्य धरावा. वयाची अट असल्यास तीही तेवढ्याच वर्षांनी शिथिल करावी.

दुसरी गोष्ट, रक्कम एकदाच न देता संपूर्ण अभ्यासक्रमाची हमी द्यावी. पहिल्या वर्षी पाकीट देऊन दुसऱ्या वर्षी पुन्हा अर्ज मागविणे म्हणजे विद्यार्थ्यास दरवर्षी नव्याने उभे करणे होय. एखाद्या वर्षी तपासणीत काही निघून त्यास परीक्षा देता आली नाही, तर शिष्यवृत्ती रद्द न करता एक वर्ष पुढे ढकलावी.

तिसरी गोष्ट, शुल्काखेरीज तपासणीच्या प्रवासखर्चाचा त्यात समावेश असावा. बऱ्या झालेल्या विद्यार्थ्यास वर्षातून एकदा तरी मूळ रुग्णालयात जाऊन यावे लागते. पैशाअभावी ही तपासणी प्रथम टाळली जाते आणि टाळू नये अशी गोष्ट नेमकी तीच असते.

चौथी गोष्ट, कोणता अभ्यासक्रम घ्यावा हे देणाऱ्याने ठरवू नये. "ह्याला हलकेच काही शिकू द्या" हा सल्ला प्रेमाने दिलेला असला तरी तो त्या मुलास कमी लेखणारा असतो. श्रमाच्या बाबतीत मर्यादा असेल तर ती त्याचा डॉक्टर सांगेल.

आता पैशाचा हिशेब. समजा, १५ लक्ष रुपयांचा कायम निधी उभा केला व त्यावर शेकडा ७ दराने व्याज मिळाले. वर्षाचे व्याज १,०५,००० रुपये होईल. महागाईने मुद्दलाची किंमत घटू नये म्हणून त्यातील १५,००० रुपये परत मुद्दलात टाकावे. उरलेले ९०,००० रुपये तीन विद्यार्थ्यांस प्रत्येकी ३०,००० प्रमाणे देता येतील. अभ्यासक्रम तीन वर्षांचा धरला तर दरवर्षी एक नवा विद्यार्थी घेता येतो आणि एक पदवीधर होऊन बाहेर पडतो. संख्या लहान आहे, पण हे काम संख्येने मोजावयाचे नाही, अखंडपणाने मोजावयाचे आहे.

हे १५ लक्ष कोठून आणावयाचे? ह्याचे उत्तर आपल्या वहीतच आहे. बाजारपेठेत 'धर्मादाय' हा रकाना पिढ्यान्पिढ्या चालत आला. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्यात ह्या धर्मादायाविषयी स्वतंत्र कलम घातले गेले आणि अशी रक्कम गोळा करणारा व्यापारी हा तिचा मालक नसून विश्वस्त आहे, असे त्यात स्पष्ट केले गेले. १९७९ साली निवाडेसंग्रहात प्रसिद्ध झालेल्या बिजली कॉटन मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही, रूढीने घेतलेला धर्मादाय हे व्यापाऱ्याचे उत्पन्न नव्हे, असा निर्णय दिला. शेतकऱ्याच्या पट्टीतून मनमानी कपात करणे बाजार समितीच्या नियमांस धरून नाही आणि ते न्याय्यही नाही. परंतु व्यापाऱ्याने आपल्या नफ्यातून पोत्यामागे एक रुपया बाजूस काढण्यास कोणाची हरकत आहे? वर्षाला ५,००० पोती विकणाऱ्या दुकानाचे ५,००० रुपये होतात. अशी ३० दुकाने एकत्र आली तर वर्षाचे दीड लक्ष व दहा वर्षांचे १५ लक्ष होतात. ज्यांस एकरकमी द्यावयाचे असेल त्यांनी धनादेशाने द्यावे. दोन हजार रुपयांवरील रोख देणगीस प्राप्तिकरात सवलत मिळत नाही, हे सभासदांस ठाऊक आहेच.

काही शंका

रोग परत उलटला तर पैसे वाया जाणार नाहीत काय, अशी शंका काही मंडळी खाजगीत विचारतात. उपचार संपून जितकी अधिक वर्षे निरोगी जातात तितकी रोग परत येण्याची शक्यता कमी होत जाते. लहानपणी बरे होऊन अठराव्या वर्षी महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याने तो धोक्याचा काळ बहुधा मागे टाकलेला असतो. आणि आयुष्याची हमी धडधाकट विद्यार्थ्यापाशी तरी कोठे असते? पेरणी करताना आपण पावसाची हमी मागत नाही.

आधी उपचारांस पैसे द्यावेत, शिक्षण नंतर, असेही म्हटले जाते. उपचारांस मदत अवश्य करावी. पण तेथे आज सरकार, विश्वस्त निधी व रुग्णालये ह्यांचे साहाय्य थोडेफार तरी आहे. मूल बरे होऊन घरी परतले म्हणजे सर्वांचे लक्ष पुढच्या रुग्णाकडे जाते. ते स्वाभाविकही आहे. म्हणूनच त्यापुढचे ओझे कोणीतरी उचलावयास हवे.

कर्करोगच का, हृदयरोग किंवा मूत्रपिंडाचा विकार झालेल्या मुलांनी काय करावे, ही तिसरी शंका मात्र रास्त आहे. तिचे उत्तर असे की, खंड क्षम्य धरण्याचा नियम एकदा केला म्हणजे तो दीर्घ आजारातून उठलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यास लागू करता येईल. दार एकासाठी उघडले तरी त्यातून अनेकांस येता येते.

नाव व छायाचित्र

ह्या शिष्यवृत्तीच्या बाबतीत सर्वांत नाजूक प्रश्न पैशाचा नाही, प्रसिद्धीचा आहे. व्यासपीठावर विद्यार्थ्यास बोलावून पाकीट द्यावयाचे, छायाचित्र काढावयाचे व ते स्मरणिकेत छापावयाचे, ही आपली रीत. इतर विद्यार्थ्यांच्या बाबतीत ती योग्य आहे, त्यांस तिच्यामुळे उत्साह येतो. परंतु "कर्करोगातून वाचलेली विद्यार्थिनी" असे एखाद्या मुलीच्या छायाचित्राखाली छापणे म्हणजे तीस हजार रुपये देऊन तिच्यावर आयुष्यभराचा शिक्का मारणे होय. हा रोग स्पर्शाने किंवा एकत्र जेवण्याने पसरत नाही. लहान मुलांतील बहुतेक कर्करोग आनुवंशिकही नसतात. डोळ्याच्या पडद्याच्या कर्करोगाचा काही भाग व इतर थोडे प्रकार हे अपवाद होत आणि त्याविषयी डॉक्टर कुटुंबास सल्ला देतात. हे सर्व खरे असले तरी सोयरीक जुळविताना लोक काय बोलतात हे आपणां सर्वांस माहीत आहे. म्हणून पुष्कळ आईबाप आजार लपवितात आणि आजार लपविला की मदतही मागता येत नाही.

ह्यावर उपाय साधा आहे. ह्या शिष्यवृत्तीचे अर्ज रुग्णालयातील समाजसेवकांमार्फत किंवा बंद पाकिटातून घ्यावेत. ते समितीच्या दोन-तीन जबाबदार सभासदांनीच पाहावेत. रक्कम थेट महाविद्यालयाच्या व विद्यार्थ्याच्या खात्यात भरावी. आणि अहवालात केवळ "इतके विद्यार्थी, इतकी रक्कम" एवढाच उल्लेख असावा. ज्या विद्यार्थ्यास स्वतः होऊन आपली हकीकत सांगावयाची असेल त्याने ती अवश्य सांगावी. तिच्याने इतरांस धीर येईल. पण ती शिष्यवृत्तीची किंमत म्हणून वसूल करावयाची नाही. गिऱ्हाइकाची उधारी चारचौघांत न बोलण्याची रीत आपल्या पेढ्यांवर पाळली जाते; हीही तशीच गोष्ट समजावी.

कुटुंबांसाठी दोन शब्द

ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी उपचारांचे सर्व कागद जपून ठेवावे. रोगाचे नेमके नाव, दिलेली औषधे व त्यांचे एकूण प्रमाण, किरणोपचार झाले असल्यास कोणत्या भागास, आणि उपचार संपल्याची तारीख एवढ्या गोष्टींचा गोषवारा रुग्णालयाकडून एका पानावर लिहून घ्यावा. हे पान शिष्यवृत्तीस उपयोगी पडते, त्याहून अधिक ते वीस वर्षांनी दुसऱ्या गावच्या डॉक्टरास उपयोगी पडते. लिहिण्यास, पाहण्यास किंवा ऐकण्यास अडचण असेल तर दहावी-बारावीच्या आधीच अपंगत्वाची तपासणी करून घ्यावी. दाखला असल्यास परीक्षेत वाढीव वेळ मागता येतो. आणि मुलास, विशेषतः मुलीस, "तू एवढी जगलीस हेच पुष्कळ" असे म्हणून घरी बसवू नये. ती जगली ती घरी बसण्यासाठी नव्हे.

महाविद्यालय संपल्यावर नोकरीचा प्रश्न येतो. आपल्या पेढ्यांवर आज हिशेबनीस, संगणकावर बिले करणारे व मालाची नोंद ठेवणारे हुशार तरुण हवे असतात. शिष्यवृत्ती घेतलेल्या विद्यार्थ्यास सुट्टीत दोन महिने काम शिकावयास घेतले तर पैशाबरोबर अनुभवही त्याच्या पदरी पडेल. मात्र ह्यात कृपेचा भाव नको. काम नीट झाले तर वेतन द्यावे व चुकले तर इतरांस सांगतो तसे त्यासही सांगावे.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे आम्ही दोन सूचना मांडणार आहोत. शिष्यवृत्तीच्या चालू नियमांत "दीर्घ आजाराच्या उपचारांमुळे पडलेला खंड अपात्रता मानू नये" हे एक वाक्य घालावे, ही पहिली. तीस एक पैचाही खर्च नाही. वर सांगितल्याप्रमाणे पोत्यामागे एक रुपयाचा निधी स्वेच्छेने सुरू करावा, ही दुसरी. दुसरी सूचना मान्य होण्यास वेळ लागला तरी पहिली ह्याच वर्षी मान्य व्हावी. जूनमध्ये अर्ज येतील, त्यांत असा एखादा अर्ज असू शकेल आणि तो समितीच्या टेबलापर्यंत पोहोचला पाहिजे. सभासदांनी सभेस अगत्य उपस्थित राहून ह्यावर आपले मत द्यावे, अशी विनंती आहे.